प्राथमिक शिक्षक व्हायचंय? पदवी निवडताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की आमच्या ओसरीवर लेकरं आणि त्यांचे आईबाप येऊन बसतात. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर सव्वीस वर्षं झाली मला, म्हणून विचारायला येतात. प्रश्न ठरलेला असतो, "गुरुजी, पोराला मास्तर करायचंय, आर्ट्सला टाकावं का सायन्सला?" वाईट याचं वाटतं की बरेच जण पावती फाडून झाल्यावर विचारायला येतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कोणत्या वर्गाला शिकवायचं ते न ठरवता पदवी घेणं आणि वर बी.एड. करणं. "बी.एड. मोठं, डी.एड. लहान, मोठं केलं की लहान त्यात आलंच," हा समज आमच्याकडं घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. पहिली ते पाचवीला लागते ती बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका, डी.एल.एड. जुने लोक तिला अजून डी.एड.च म्हणतात. बी.एड. सहावीपासून पुढं चालते, तीही पदवीसोबत.

केज तालुक्यातला एक पोरगा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. २८ जून २०१८ ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं अधिसूचना काढली की बी.एड.वाल्यांनाही पहिली ते पाचवीला घ्यावं, नेमणुकीनंतर दोन वर्षांत त्यांनी सहा महिन्यांचा जोड अभ्यासक्रम करावा. हा पोरगा तेव्हा बी.ए.ला होता. विषय निवडले होते दोस्तांनी घेतले तेच. मी म्हणालो, "बाबा, तुला लहान लेकरांत रमायला आवडतं, डी.एल.एड. कर." तो म्हणाला, "काका, आता बी.एड.वर दोन्ही दारं उघडी झालीत." सोयाबीनचे दोन हंगाम फीमध्ये गेले. शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, पहिली ते पाचवीसाठी असलेला पहिला पेपर तो पास झाला, शिक्षकभरतीची २०२३ ची अभियोग्यता चाचणीही चांगली गेली. आणि ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती अधिसूचनाच रद्द केली. लहान लेकरांना शिकवण्याचं कसब वेगळं असतं, बी.एड. ते शिकवत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. निकालाआधी नेमणूक झालेले वाचले, याची नेमणूक व्हायची होती. त्याचे वडील संध्याकाळी आले आणि एवढंच म्हणाले, "गुरुजी, एवढं शिकलंय की लेकरू, मग पहिलीला का चालंना?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण त्या माणसाच्या तोंडावर ते सांगवलं नाही. आज तो पोरगा सत्ताविसाव्या वर्षी डी.एल.एड.च्या वर्गात अठरा वर्षांच्या पोरांशेजारी बसतो.

म्हणून कोणी आलं की मी कोरा कागद पुढं करतो. वर दोनच शब्द लिहायला लावतो, पाचवीपर्यंत का आठवीपर्यंत. ते ठरल्याशिवाय कॉलेजचं नाव घेऊ देत नाही. पाचवीपर्यंत असेल तर बारावी कोणत्याही शाखेची चालते. खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के आणि राखीवला ४४.५ टक्के गुण लागतात, प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. सहावी ते आठवी असेल तर पदवीचा विषय जपून घ्यायचा, कारण टीईटीच्या दुसऱ्या पेपरात गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रं, यातलं एक धरावं लागतं आणि त्याला तब्बल ६० गुण आहेत. बी.ए.ला वाट्टेल ते तीन विषय घेऊन पुढं विज्ञानाची जागा मागणारे मी पाहिलेत.

दुसरी चूक तितकीच जुनी, गणिताला भिऊन पळणं. "लहान लेकरांनाच तर शिकवायचंय, गणित कशाला?" प्राथमिकला एकच मास्तर सगळे विषय शिकवतो. टीईटीच्या पहिल्या पेपरात गणिताला १५० पैकी ३० गुण आहेतच, पण परीक्षेचं सोडा. शेजारच्या शाळेवर एक नवीन शिक्षक आले होते, दहावीनंतर गणिताकडं न बघितलेले. तिसरीच्या वर्गात बावन्नातून सत्तावीस वजा करायला घेतले. म्हणाले, "दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक घ्या, झाले बारा." एका पोरीनं विचारलं, "सर, एक घेतला तर तीन होतील ना, बारा कसे?" इतका खरा प्रश्न मी फार थोड्या वर्गांत ऐकलाय. सर चिडले, म्हणाले, "तसंच असतं, लिही." ती पोरगी पुढं वर्षभर गणिताच्या तासाला गप्प बसली. मी त्या शाळेवर गेलो तेव्हा तुराटीच्या काड्या मोडून दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढं ठेवल्या. एक जुडी तिनंच सोडली, मोजल्या, बारा झाल्या. दहा मिनिटांचं काम. पण जुडी म्हणजे दशक हे शिक्षकाच्या डोक्यात पक्कं पाहिजे. बारावीला गणित घ्याच असा माझा हट्ट नाही. पण ते सोडलं असेल तर डी.एल.एड.च्या दोन वर्षांत पहिली ते पाचवीची गणिताची पुस्तकं स्वतः सोडवा. एकही उदाहरण गाळू नका.

"फक्त परीक्षेला या" म्हणणारं कॉलेज घेऊ नका. आंतरवासिता, म्हणजे खऱ्या वर्गात शिकवायचा सराव, कोणत्या शाळेत होते ते आधी विचारा, सांगता आलं नाही तर उठून या. मान्यताही बघून घ्या.

डी.एल.एड. झालं की शिक्षण थांबवू नका. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते आणि पदवीधर शिक्षक व्हायला तीच लागते. मला विचाराल तर मराठी घ्या. बंजारा तांड्यावरचं लेकरू घरी त्यांची गोरमाटी बोलतं, त्याला पहिलीत मराठी वाचायला शिकवणं हे फार मोठं काम आहे.

टीईटी निघाली म्हणजे नोकरी लागली असं धरून चालू नका. ती पात्रता आहे. निवड अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून होते, आणि ती चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ ला झाली. लागल्यावरही तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून १६,००० रुपये मानधन. घाई असणाऱ्यांनी हा हिशोब आईबापांसमोर बसून करावा.

पैसे देऊन गुण वाढवून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. २०१९ च्या टीईटीत ज्यांनी तसं केलं, ते साडेसात हजारांवर उमेदवार २०२२ मध्ये बाद झाले.

बारावीनंतर पदवी आणि बी.एड. एकत्र देणाऱ्या चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.ला जाणार असाल तर ती कोणत्या स्तराची आहे हे माहितीपत्रकात वाचूनच अर्ज भरा. पायाभूत स्तर, म्हणजे दुसरीपर्यंतचा, वेगळा, माध्यमिक वेगळा.

अर्ज भरण्याआधी माझी एक अट असते. सोमवार ते शनिवार आमच्या पहिलीच्या वर्गात येऊन बसायचं. नाक पुसायचं, चपला शोधून द्यायच्या, एकच अक्षर वीस वेळा गिरवून घ्यायचं. गेल्या जूनमध्ये एक पोरगी आली होती, डी.एल.एड.चा अर्ज भरायचाच म्हणून. गुरुवारी मधल्या सुट्टीत आली आणि म्हणाली, "सर, मला इथं जमणार नाही. पण पलीकडं आठवीच्या पोरांना भिंगातून ऊन धरून दाखवलं, तेव्हा फार बरं वाटलं." तिनं बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. शुक्रवारी आणि शनिवारीही ती आली, आठवीच्या वर्गात बसली.