युनिव्हर्सिटीच्या कोर्ससाठी वर्कफोर्स बोर्डाचा पैसा कसा मिळवायचा (अमेरिका)

अमेरिकेत जॉब ट्रेनिंगचा बराचसा सरकारी पैसा २०१४ च्या डब्ल्यूआयओए (वर्कफोर्स इनोव्हेशन अँड ऑपॉर्च्युनिटी ॲक्ट) कायद्यातून येतो, आणि तो वाटायचं काम असतं लोकल वर्कफोर्स बोर्डाकडे, म्हणजे त्या भागातल्या नोकरी-प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या मंडळाकडे. पण बोर्ड युनिव्हर्सिटीला सरसकट चेक देईल असं समजू नका, बहुतेक वेळा पैसा विद्यार्थ्याच्या नावाने येतो, त्याला इंडिव्हिज्युअल ट्रेनिंग अकाउंट म्हणतात.

म्हणून आधी आपला कोर्स राज्याच्या एलिजिबल ट्रेनिंग प्रोव्हायडर लिस्टवर (मान्यता मिळालेल्या कोर्सेसची यादी) टाकून घ्या. लिस्टवर नाव नाही तर अकाउंटचा पैसाही नाही, विषय संपला. अख्खी डिग्री घेऊन जाऊ नका, त्यापेक्षा मेडिकल कोडिंगसारखा (आजार-उपचारांना बिलासाठी कोड लावण्याचं काम) छोटा सर्टिफिकेट कोर्स बरा, आणि तोही बोर्डाच्या डिमांड लिस्टमधल्या (मागणी असलेल्या नोकऱ्यांची यादी) नोकरीशी जुळणारा.

खरी डोकेदुखी डेटाची. कोर्समधून बाहेर पडल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत माणूस नोकरीवर आहे का, पगार किती, सर्टिफिकेट मिळालं का, हे सगळं मोजलं जातं, तेव्हा रजिस्ट्रार ऑफिसला पहिल्याच मीटिंगला बसवा, नाहीतर नंतर एक्सेलच्या फायली शोधत बसाल.

पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) मिळत असेल तर ती आधी धरतात, उरलेला खर्च बोर्ड बघतं, त्यामुळे फायनान्शियल एडवाल्यांनी अमेरिकन जॉब सेंटरच्या (नोकरी शोधणाऱ्यांना मदत करणारं सरकारी केंद्र) केस मॅनेजरशी थेट बोललेलं बरं.

कंपनी सोबत असेल तर ऑन द जॉब ट्रेनिंगचंही (कामावर ठेवूनच शिकवणं) विचारा, त्यात ट्रेनिंगच्या काळातला साधारण ५०% पगार कंपनीला परत मिळतो, काही वेळा ७५% पर्यंत.