पोथीतली लाल शाई, हरताळ आणि टीईआय

टीईआय म्हणजे मजकुराला टॅग लावून तो डिजिटल रूपात नोंदवायची पद्धत. जुन्या पोथ्यांच्या अशा फायली माझ्या हाती आल्या तेव्हा मूळ पानावर अक्षरं कशी दिसतात ते नोंदवणाऱ्या ‘रेंड’ अ‍ॅट्रिब्यूटमध्ये नुसती खिचडी होती. कुणी ‘लाल’ लिहिलेलं, कुणी ‘लालशाई’, कुणी ‘लाल शाई’. शेवटचं सगळ्यात त्रासदायक, कारण रेंडमधला मजकूर स्पेसवर तुटतो. ‘लाल’ आणि ‘शाई’ ही दोन सुटी वैशिष्ट्यं धरली जातात. मग लाल आकड्यांच्या ओव्या शोधल्या की बऱ्याचशा गायब!

थेट फाइंड-रिप्लेस मारलं नाही. आधी एक्सपाथ या फायलींत शोध घ्यायच्या भाषेतल्या ‘डिस्टिंक्ट-व्हॅल्यूज’ने वापरलेल्या सगळ्या शब्दांची यादी काढली. मग फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागातल्या, म्हणजे हेडरमधल्या ‘टॅग्जडिकल’मध्ये प्रत्येक रूपासाठी एकेक ‘रेंडिशन’ घटक केला, त्याला आयडी दिला आणि आत सीएसएस या रंगरूप लिहायच्या भाषेत रंग लिहिला. मजकुरात आता ‘रेंड’ऐवजी ‘रेंडिशन’ अ‍ॅट्रिब्यूट, त्यात फक्त हॅश (#) आणि तो आयडी. रंगाची व्याख्या एकाच जागी, बदलायची तर तिथेच.

हरताळ मात्र यात बसवला नाही. अक्षरांवर फासलेला तो पिवळा लेप म्हणजे सजावट नव्हे, ती खोडणी. पार्श्वभूमी पिवळी लिहिली तर अर्थच उलटा, जणू मजकूर उठावदार केलाय. तिथे खोडलेल्या मजकुराचा ‘डेल’ टॅग, आणि रेंडमध्ये ‘हरताळ’ हा एकच शब्द. समासातली भर ‘अ‍ॅड’मध्ये, जागा सांगणाऱ्या ‘प्लेस’सकट.

‘ब्राउझरमध्ये लाल का दिसत नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. हे सगळं वर्णन मूळ पानाचं आहे, स्क्रीनवर रंग आणायचं काम एक्सएसएलटीचं, म्हणजे फाइलीचं वेबपानात रूपांतर करणाऱ्या कोडचं. ते मी अजून लिहितोय.