जोरदार रिजनरेटिव्ह ब्रेकिंग: कोणत्या रस्त्यावर किती ठेवावे

इलेक्ट्रिक गाडीच्या ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर जनित्राचे काम करू लागते, चाकांच्या गतीपासून वीज तयार करून ती बॅटरीत पाठवते आणि या कामात चाकांना जो अडथळा होतो त्यानेच गाडीचा वेग कमी होतो. यालाच रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, थोडक्यात रिजेन, म्हणतात. हा अडथळा किती असावा हे बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगमागच्या पॅडलने किंवा स्क्रीनवरून ठरवता येते. अनेक चालक ही पातळी एकदा सर्वांत वर नेऊन ठेवतात आणि पुन्हा तिकडे पाहत नाहीत, कारण रिजेन जितके जास्त तितकी विजेची बचत जास्त, असा त्यांचा समज असतो. हा समज अपुरा आहे. जोरदार रिजेन ही गाडी चालवण्याची एक पद्धत आहे आणि ती रस्ता पाहून निवडावी लागते.

प्रवाशांसह १८०० किलो वजनाची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यात ३६० किलोज्यूल, म्हणजे ०.१ युनिट एवढी ऊर्जा असते. वेग निम्मा असेल तर ही ऊर्जा चौथा हिस्साच उरते. एका थांब्यापुरता हा आकडा लहान असला तरी दर सिग्नलला थांबावे लागणाऱ्या प्रवासात त्याची बेरीज जाणवण्याइतकी होते. मात्र ही सगळी ऊर्जा परत मिळत नाही. चाकापासून बॅटरीपर्यंत आणि तिथून पुन्हा चाकापर्यंत येताना मोटर, इन्व्हर्टर (बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये विजेचे रूप बदलणारे उपकरण) आणि बॅटरी यांत मिळून साधारण तिसरा हिस्सा उष्णतेच्या रूपाने जातो. म्हणून समोर रस्ता मोकळा असेल तेव्हा रिजेन शून्यावर किंवा सर्वांत खालच्या पातळीवर ठेवून गाडीला आपल्या वेगाने वाहू देणे हेच जास्त काटकसरीचे ठरते. शिवाय अनेक गाड्यांत ब्रेक पेडल हलके दाबले तरी आधी मोटरच वेग कमी करते आणि गरज पडली तरच नेहमीच्या घर्षणाच्या ब्रेकचे पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला टेकतात. अशा गाडीत पातळी खाली ठेवल्याने वीज वाया जात नाही. आपली गाडी या प्रकारची आहे का, हे मालकाच्या पुस्तिकेत अवश्य पाहावे.

जोरदार रिजेनचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे खोळंबत चालणारी वाहतूक, जिथे उजवा पाय सतत दोन पेडलांमध्ये हलवावा लागत नाही. दुसरे म्हणजे घाटाचा उतार. वर सांगितलेली गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली उतरते तेव्हा सुमारे २.४ युनिट ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. ती केवळ घर्षणाच्या ब्रेकवर सोपवली तर डिस्क तापतात आणि लांब उतारावर ब्रेकची पकड कमी होऊ लागते. मोटरने वेग धरून ठेवला तर ब्रेक थंड राहतात आणि अडचणीच्या क्षणी पूर्ण ताकदीने उपलब्ध असतात. सुरक्षिततेचा हा फायदा मला विजेच्या बचतीपेक्षा मोठा वाटतो.

परंतु बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तयार होणारी वीज ठेवायला जागाच नसते, आणि बॅटरी फार थंड असेल तर जोराने चार्ज केल्यास तिच्या पेशींत धातुरूप लिथियम साचून त्यांना कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे या दोन्ही वेळी गाडी रिजेन आपोआप कमी करते. काही गाड्या ही उणीव घर्षणाच्या ब्रेकने भरून काढतात, काही काढत नाहीत. दुसऱ्या प्रकारात नेहमीप्रमाणे पाय उचलूनही गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाते. डोंगरावर चार्जिंग करून थेट उतरायचे असेल तर बॅटरी १०० टक्के न भरता ८० ते ९० टक्क्यांवर थांबावे, आणि निघाल्यावर पहिल्या काही मीटरमध्येच पाय उचलून गाडी किती रोखली जाते ते पाहून घ्यावे.

निसरड्या रस्त्यावर पातळी खाली आणावी, कारण रिजेन फक्त मोटर जोडलेल्या चाकांवर काम करते. मोटर मागच्या चाकांना असेल आणि वळणावर पाय झटकन उचलला, तर बर्फावर किंवा चिखलावर गाडीचा मागचा भाग घसरू शकतो. खड्ड्यातही असाच अनुभव येतो: वेग कमी होत असताना चाक क्षणभर रस्त्यावरची पकड सोडते, गाडी रिजेन तोडते आणि आपण पुढे ढकलले गेल्यासारखे वाटते. अशा वेळी ब्रेक ठामपणे दाबावा.

मागून येणाऱ्यांचाही विचार हवा. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमानुसार पाय उचलल्याने होणारी वेगघट दर सेकंदाला १.३ मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त असेल तर ब्रेकदिवे लागलेच पाहिजेत, ०.७ पर्यंत ते लागत नाहीत, आणि या दोहोंमध्ये निर्णय निर्मात्याचा असतो. म्हणून काही गाड्या दिवा न लावताही लक्षात येईल इतक्या मंदावतात. मागचे वाहन जवळ असेल तर ब्रेक पेडलला किंचित पाय लावून दिवा पेटवावा. मागच्या आसनावरील प्रवाशांना मळमळ होते ती बहुधा पाय एकदम सोडल्याने. पाय पूर्ण न उचलता हळूहळू सैल करण्याचा सराव मोकळ्या रस्त्यावर, मधल्या पातळीपासून सुरू करावा. याच सरावात गाडी स्वतःहून पूर्ण थांबते का, चढावर थांबून राहते का आणि बंद करून सुरू केल्यावर पातळी बदलते का, हेही तपासावे. अचानक थांबण्याची वेळ आली तर पाय ब्रेककडेच गेला पाहिजे, म्हणून जोरात ब्रेक लावण्याचा सराव सोडू नये.

ब्रेक पॅड वर्षानुवर्षे टिकतात ही चांगली गोष्ट असली तरी न वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो, विशेषतः दमट हवेत. अधूनमधून, मागे कोणी नसताना, रिजेन सर्वांत खाली आणून मध्यम वेगावरून ब्रेक थोडा जोराने दाबावा म्हणजे डिस्क घासून स्वच्छ होतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे पॅड नवे दिसत असले तरी ते पुस्तिकेत दिलेल्या मुदतीप्रमाणे बदलून घ्यावे.