लॅपटॉप आणि डेस्कटॉप: कोणता प्रोसेसर खरंच वेगवान, हे घरी कसं तपासायचं

"भाऊ, आय७ आहे, डोळे मिटून घ्या." नागपुरातल्या सीताबर्डीच्या दुकानांत हे वाक्य रोज ऐकू येतं. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, तासन् तास रेंडर (तयार व्हिडिओ फाइल बनवण्याचं काम) लावतो, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी सांगतो की लॅपटॉपची तुलना डेस्कटॉपशी करायची असेल तर आय५-आय७ ही इंटेलची नावं बाजूला ठेवा आणि वॅट विचारा.

बाराव्या पिढीतले इंटेलचे दोन प्रोसेसर घ्या, दोन्ही २०२२ चे. लॅपटॉपमधला आय७-१२५५यू आणि डेस्कटॉपमधला आय५-१२४००. थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा, दोन्हींत १२. कमाल वेग आय७ चा ४.७ गिगाहर्ट्झ, आय५ चा ४.४. कागदावर आय७ पुढे दिसतो. पण त्याच्या दहा कोरपैकी (कोर म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग) मोठे फक्त २ आहेत, बाकीचे ८ वीज वाचवणारे छोटे. आय५ चे सहाही कोर मोठे. शिवाय आय७ ची मूळ वीजमर्यादा १५ वॅट, आय५ ची ६५. थोड्या वेळासाठी आय७ ५५ वॅटपर्यंत उसळी घेतो, मग खाली येतो. म्हणून टॅली, एक्सेल, ब्राउझर यांत तो कुठेच कमी पडत नाही, आणि लांबलचक रेंडरला मात्र आय५ त्याला सरळ मागे टाकतो.

नावाच्या शेवटचं अक्षर आधी वाचा. त्या पिढीत यू म्हणजे साधारण १५ वॅट, पी २८, एच ४५, एचएक्स ५५. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये तिसरा आकडा बघायचा, तो आतल्या रचनेची पिढी म्हणजे 'झेन' सांगतो: ७५२०यू झेन २ चा, ७७३०यू झेन ३ चा, ७८४०यू झेन ४ चा. पहिला आकडा सगळ्यांचा सात, आतली रचना मात्र कित्येक वर्षांच्या अंतराची. हे गिऱ्हाइकाला कुणी समजावून सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

आता चाचणी. सिनेबेंच आर२३ हे प्रोसेसरला गुण देणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि त्याची मूळ चाचणी दहा मिनिटं चालते. ती दहा मिनिटं कमी करू नका, सगळी गोम तिथेच आहे. लॅपटॉप चार्जरला लावा, कारण बॅटरीवर बरेच लॅपटॉप स्वतःहून वेग कमी करतात. पॉवर मोड सर्वांत वरचा ठेवा, विंडोज अपडेट आधी संपू द्या. आधी सिंगल कोर (एकाच कोरची चाचणी), मग मल्टी कोर (सगळ्या कोरची), आणि मल्टी कोर लागोपाठ दोन-तीनदा. आर२३ चे गुण सिनेबेंच २०२४ च्या गुणांशी ताडू नका, मोजपट्टीच वेगळी आहे.

सोबत एचडब्ल्यूइन्फो हे मशीनचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि तीन ओळींवर नजर ठेवा: सीपीयू पॅकेज पॉवर (प्रोसेसर घेतो ते वॅट), तापमान, थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळे वेग कमी होणं). सुरुवातीचे वॅट सोडून द्या. शेवटी आकडा जिथे स्थिरावतो, ती त्या मशीनची खरी ताकद. एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप इथे वेगळे निघतात, कारण वीजमर्यादा आणि पंखा कंपनी ठरवते.

नागपुरात यात उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची तापमानमर्यादा १०० अंश. खोली २८ अंशांवर असेल तर हातात ७२ अंशांचं अंतर उरतं, ४० वर असेल तर ६० चं. म्हणजे तापमानाची मर्यादा गाठलेल्या मशीनमधून बाहेर पडू शकणारी उष्णता सहाव्या हिश्शाने घटते, आणि प्रोसेसरला तेवढे वॅट सोडावे लागतात. जानेवारीत घेतलेला आकडा मे महिन्यात लागू पडेल असं समजू नका. प्रत्येक निकालाशेजारी खोलीचं तापमान लिहा. डेस्कटॉपच्या मोठ्या हीटसिंकला (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) ही झळ कमी बसते, फक्त धूळ साफ हवी. मशीन कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, हवेबरोबर पाण्याचे तुषार येतात.

एवढं झालं की स्वतःचं काम लावून बघा. पाच मिनिटांची एकच क्लिप, हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकच प्रीसेट (ठरलेली सेटिंग), दोन्ही मशीनवर, हातात घड्याळ. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग, एक्स२६४ निवडा, तरच प्रोसेसरची तुलना होते. क्विक सिंक निवडलंत तर काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे जातं आणि निकाल भलताच येतो. रॅमही बघा. एका मशीनमध्ये रॅमची एकच काडी आणि दुसऱ्यात दोन असतील तर तुलना बरोबरीची राहत नाही.

क्विक सिंकची चाचणी वेगळी करा, आणि एडिटिंगवाल्यांनी तर कराच. कॅमेऱ्याचं १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (जास्त रंगमाहितीचं, दाबून साठवलेलं) फुटेज टाइमलाइनवर सुरळीत चालतं ते त्याच्या जोरावर. १२५५यू मध्ये ते आहे, १२४०० मध्येही आहे. १२४००एफ मध्ये नाही, कारण एफ म्हणजे आत ग्राफिक्सच नाही. असं फुटेज कापताना तोच छोटा लॅपटॉप एफवाल्या डेस्कटॉपपेक्षा हलका वाटू शकतो. असेंबल करून घेताना थोडे पैसे वाचावेत म्हणून एफ सुचवला जातो, तेव्हा पैसे देण्याआधी बिलावरचं शेवटचं अक्षर वाचून घ्या.