रक्तातल्या परजीवींच्या सॅम्पलिंगला निघण्याआधी बॅगेत काय काय हवं

आधी परवानग्या. एथिक्स कमिटीचं पत्र हातात आल्याशिवाय सुई उचलायचीच नाही, आणि मालकाची संमती घेताना किती रक्त घेणार, कशासाठी घेणार हे त्याला नीट समजावून सांगा, रिपोर्टही त्याला द्यायचाच, जनावर त्याचं आहे.

आता स्लाइड्स. पुढे पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) करायचाच आहे म्हणून स्मिअर (स्लाइडवर ओढलेला रक्ताचा पातळ थर) कसाही ओढणारे भरपूर भेटतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण पीसीआरला डीएनए सापडला तरी तांबड्या पेशीत बबेसिया (गोचिडांमुळे पसरणारा परजीवी) किती आहेत, कसे दिसतायत हे डोळ्यांनी फक्त स्लाइडवरच बघता येतं. हां, बरं झालेल्या जनावरात परजीवी अगदी थोडे उरलेले असतात तिथे स्लाइड कमी पडते आणि पीसीआरच कामाला येतो, म्हणून दोन्ही हवंच. नव्या स्लाइड्ससुद्धा अल्कोहोलने पुसून न्या. नंबर पेन्सिलने टाका, मार्करची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते आणि मग कुठली स्लाइड कुठल्या गायीची ते कुणालाच सांगता येत नाही. झाकणाचा स्लाइड बॉक्स लागतोच लागतो, कारण स्मिअर उघडा राहिला की माश्या बसून रक्त चाटतात आणि नेमका बघायचा भागच जातो. स्मिअर हवेत पटकन सुकवायचा, मिथेनॉलमध्ये फिक्स करायचा, आणि फॉर्मॅलिनची बाटली त्या पेटीच्या आसपासही नको, नुसत्या वाफेने जिम्सा (स्मिअर रंगवायचा रंग) नीट चढत नाही. जिम्सा ७.२ पीएचच्या बफरमध्ये त्याच दिवशी पातळ करा, कालचं उरलेलं वापरू नका.

बबेसिया बोव्हिसचा संशय असेल तर कानाच्या टोकाचं रक्त घ्या, त्या परजीवीच्या पेशी बारीक केशवाहिन्यांत अडकतात, मानेच्या शिरेतल्या रक्तात कमी सापडतात. थायलेरिया या दुसऱ्या परजीवीसाठी सुजलेल्या लसीका ग्रंथीतूनही सुईने थोडं घेऊन स्मिअर करायचा, त्याची तयारी वेगळी ठेवा. सर्रा (ट्रिपॅनोसोमा या परजीवीमुळे होणारा आजार) शोधताय तर मायक्रोस्कोप सोबतच न्या. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्याला ट्रिपॅनोसोमा घोड्या-उंटांच्या रक्तातच दिसला होता, आजही ताज्या थेंबावर कव्हरस्लिप ठेवली की तो वळवळतो आणि आजूबाजूच्या पेशी हलताना दिसतात, पण हे जनावराजवळच बघायचं, उशीर झाला की तो मरतो आणि वेट माउंटवर काही कळत नाही.

ट्यूब ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन), जांभळ्या झाकणाची. हेपॅरिन नको, ते पीसीआरमध्ये अडथळा आणतं. रक्त भरल्यावर ट्यूब हळूच आठ-दहा वेळा उलटीपालटी करा, जोरात हलवू नका, आणि आइसबॉक्समध्ये बर्फाला थेट चिकटू देऊ नका, पेशी फुटतात.

प्रत्येक जनावराला नवीन सुई, यात काटकसर नाहीच, एकाच सुईने सर्रा दुसऱ्या जनावरात जाऊ शकतो. वापरलेल्या सुयांसाठी जाड डबा, गोचीड काढायला चिमटा आणि ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटल्या, एका जनावराचे गोचीड एकाच बाटलीत.

रजिस्टरमध्ये वय, जात, ताप हे सगळे लिहितातच, पण आधी कुठलं औषध दिलंय हेही मालकाला विचारून लिहा. डिमिनाझिन किंवा बुपार्वाक्वोन नुकतंच दिलं असेल तर स्लाइड स्वच्छ दिसू शकते, आणि ती नोंद नसेल तर आजारी जनावर तुमच्या डेटात निरोगी म्हणून जाईल.