जुन्या ट्रकचा वॉटर पंप बदलताना

वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून कूलंट ठिबकू लागले, की आतले सील गेले असे समजावे. ते छिद्र एम-सीलने बुजवू नये, कारण मग तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरते. पंप उतरवलाच आहे तर त्याच खेपेस थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप), फॅन बेल्ट आणि दोन्ही होज पाइप बदलून घ्यावेत, म्हणजे मजुरी एकदाच पडते. दाबल्यावर करकरणारा किंवा क्लिपजवळ फुगलेला होज पाइप घाटात हमखास दगा देतो.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची आपल्याकडची पद्धत मला मुळीच पटत नाही. त्यामुळे इंजिन थंड चालून डिझेल जास्त जळते, आणि बायपास असलेल्या काही इंजिनांत बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरत असल्याने चढावर गाडी उलट अधिकच तापते. नवा थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला, तरच बसवावा.

पंप आणि इंजिनच्या सांध्यातले जुने पॅकिंग खरवडताना त्याचे तुकडे आत पडू देऊ नयेत. बोअरच्या पाण्याने नळ्यांत क्षार साचतात, म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्यावे. थंड इंजिन रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून सुरू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडे थोडे भरत राहावे. दुसऱ्या दिवशी, इंजिन पुन्हा थंड असताना, पातळी तपासून क्लिपा एकदा आवळाव्यात.