गिअरबॉक्सचं तेल घरी बदलताय? या चुका टाळा

ऑटोमॅटिक गाडीखाली शिरलं की एकापेक्षा जास्त ड्रेन प्लग दिसतात. एक इंजिनचा, एक गिअरबॉक्सचा. घरी तेल बदलणाऱ्यांना सगळ्यात महाग पडते ती या दोघांची अदलाबदल. इंजिन ऑइल काढतोय असं समजून गिअरबॉक्स रिकामा केला जातो आणि वरून इंजिनात नवं तेल ओतलं जातं. मग इंजिनात दुप्पट तेल आणि गिअरबॉक्स कोरडा.

होंडा सिटीच्या 1.5 पेट्रोल इंजिनात फिल्टरसकट साधारण साडेतीन लिटर ऑइल बसतं, ते अशा वेळी सात लिटरवर जातं. खरं तर याच गाडीत ओळख सोपी आहे. इंजिनच्या ड्रेन बोल्टला 17 नंबरचा पाना लागतो. गिअरबॉक्सच्या प्लगला मधोमध चौकोनी खाच असते, तिच्यात 3/8 इंची रॅचेट सॉकेटशिवाय थेट बसतं. नुसतं रॅचेट बसलं तर हात तिथेच थांबवा. प्लग सैल केलाच असेल तर धार बघा. वापरलेलं इंजिन ऑइल काळपट असतं. गिअरबॉक्सचं तेल त्याहून पातळ, बहुतेक वेळा लालसर किंवा तपकिरी. सीव्हीटीच्या (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकच्या) तेलाचा रंग कंपनीगणिक बदलतो, पण शाईसारखं काळं सहसा नसतं. शंका आली तर इंजिनची डिपस्टिक काढून बघा. तेल भांड्यात पडतंय आणि डिपस्टिकवरची पातळी हललेली नाही, म्हणजे इंजिनचं तेल जागच्या जागी आहे. अमेरिकेत सुबारू वापरणाऱ्यांनी आणखी जपून राहावं. त्या गाड्यांत पुढच्या डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागाचं) तेलही वेगळं असतं आणि त्याचा प्लगही वेगळा.

चूक कळली, आता गाडी चालू करू नका

नुकसान तेल काढल्याने होत नाही, त्यानंतर इंजिन फिरल्याने होतं. गिअरबॉक्सचा पंप इंजिनवर चालतो. तेल नसेल तर दाब तयार होत नाही, आतले क्लच घट्ट दाबले जात नाहीत आणि घसरतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनचा जोर गिअरबॉक्सला देणाऱ्या, तेलाने भरलेल्या भागात) उरलेल्या तेलावर गाडी कधीकधी गेटपर्यंत जाते आणि मग रेस वाढते पण गाडी ओढत नाही. इथे माणसं हमखास एक्सिलरेटर दाबून बघतात. गाडी जागची हलत नव्हती तोवर ती वाचलेली होती, हे त्यांना नंतर कळतं.

इंजिन चालूच केलं नसेल तर गिअरबॉक्सचं काहीही बिघडलेलं नाही. इंजिनातलं सगळं तेल काढा आणि मापाने भरा. गिअरबॉक्समध्ये योग्य तेल भरून पातळी तपासा. विषय संपला.

इंजिन पाच-दहा मिनिटं जागेवर चाललं असेल तर उपाय हाच, पण इंजिनकडेही बघायचं. जास्तीच्या तेलात क्रँकशाफ्ट आपटतो, तेलाचा फेस होतो आणि ते ब्रीदरच्या पाइपातून एअर फिल्टरकडे चढतं. फिल्टर तेलकट झाला असेल तर बदला. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर पाइप आणि थ्रॉटल बॉडी पुसून घ्या. तेल भरल्यावर ब्रेक दाबून पी, आर, एन, डी अशी प्रत्येक जागी चार-पाच सेकंद थांबत लिव्हर फिरवा. आर आणि डी टाकल्यावर हलका धक्का लगेच जाणवला पाहिजे. दोन-तीन सेकंद उशिरा येत असेल तर पातळी कमी आहे किंवा आत घसरण झाली आहे.

गाडी रस्त्यावर काही किलोमीटर घसरत चालवली असेल, तर तेल भरून ती बरी होईल या भरवशावर राहू नका. टोइंगला सांगताना फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रकच मागा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढून उचलून नेली तर चालतं, पण इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते. तिची पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरवत नेली की पंप बंद असताना गिअरबॉक्स आतून फिरत राहतो. उरलंसुरलं असंच जातं.

‘एटीएफ म्हणजे एटीएफ’

कुठलंही एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) कुठल्याही ऑटोमॅटिकला चालतं, ही समजूत. ही चूक थोडी उशिरा कळते, म्हणून जास्त घातक. पायऱ्यांच्या, म्हणजे ठरावीक गिअर असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलात भिजलेल्या क्लच प्लेट असतात. त्या झटका न देता पकडाव्यात म्हणून एटीएफमध्ये घर्षण मवाळ करणारी रसायनं घातलेली असतात. सीव्हीटीत पोलादी पट्टा किंवा साखळी दोन पुलींमध्ये चिमटून धरलेली असते आणि सगळा जोर धातूवर धातूच्या पकडीतून जातो. तिथल्या तेलाने ती पकड टिकवायची असते. साधं एटीएफ घातलं की पट्टा घसरतो आणि पुलीवर चरे पडतात. चरे पडलेली पुली कुठल्याही तेलाने गुळगुळीत होत नाही.

म्हणून डब्यावरचं नाव मॅन्युअलशी अक्षर न् अक्षर जुळवा. होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-2, टोयोटाच्या 6 गिअरच्या ऑटोमॅटिकला डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या 6 गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-4, त्याच कंपनीच्या आयव्हीटीला (तिच्या सीव्हीटीचं नाव) मात्र वेगळं सीव्हीटीचं तेल. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेला डबा सीव्हीटीसाठी तरी घेऊ नका. एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप हलवणारा गिअरबॉक्स) हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, त्यात मॅन्युअलचं गिअर ऑइल जातं आणि क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक तेल वेगळं असतं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या कोरड्या क्लचच्या 7 गिअरच्या डीएसजीतही (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्येही) गिअरचं आणि मेकाट्रॉनिकचं (गिअर बदलणाऱ्या नियंत्रण यंत्रणेचं) अशी दोन स्वतंत्र तेलं असतात. हे काम घरी करूच नये.

चुकीचं तेल गेलंच, तर एकदा काढून भरल्याने ते जात नाही. समजा एकूण तेल 7 लिटर आणि ड्रेनमधून 3.5 लिटरच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकतं. पहिल्या बदलानंतर चुकीचं तेल निम्मं उरतं, दुसऱ्यानंतर 25 टक्के, तिसऱ्यानंतर 12.5. किमान तीन वेळा बदलावं लागतं. दर वेळी मध्ये इंजिन जागेवर दोन-तीन मिनिटं चालवून लिव्हर सगळ्या जागी फिरवायचा. रस्त्यावर न्यायची नाही. फ्लशिंगचं रसायन घालू नका, तेही आतच अडकतं.

पातळी: कमी आणि जास्त, लक्षणं तीच

तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरणारे भाग ते घुसळतात आणि फेस होतो. दोन्हीकडे तेलात हवा मिसळते आणि दाब पडतो. म्हणून घसरण दिसली की आणखी अर्धा लिटर ओतायचं, हा उपाय निम्म्या वेळा उलटा पडतो.

थंड तेलावर पातळी बघू नका. डिपस्टिक नसलेल्या बऱ्याच गाड्यांत ओव्हरफ्लो प्लग असतो. इंजिन चालू, गाडी सपाट, तेल साधारण 35 ते 45 अंशांवर, आणि प्लगमधून बारीक धार ठिबकण्यावर आली की पातळी बरोबर. नेमकं तापमान मॅन्युअलमधून घ्या आणि ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर) वाचा. बाहेरून पॅनवर मारलेली तापमानाची बंदूक खरा आकडा देत नाही.

इथे एक फसगत नेहमी होते. टोयोटाच्या काही गिअरबॉक्समध्ये ड्रेनच्या भोकातच उभी नळी असते. प्लग काढला की नळीच्या वरचं तेवढंच तेल येतं, फार तर पेलाभर. माणूस म्हणतो तेल संपत आलं होतं, आणि वरून चार लिटर ओततो. नळी 6 मिमीच्या ॲलन कीने काढल्यावरच खरं तेल निघतं. यावर साधा इलाज म्हणजे मोजपात्र. निघालेलं तेल मोजा आणि तेवढंच भरून पातळीकडे वळा. त्याआधी एक नियम: भरण्याचा प्लग उघडतोय याची खात्री झाल्याशिवाय ड्रेनला हात लावायचा नाही. गंजलेला भरणप्लग गोल झाला की गाडी रिकाम्या पोटी जॅकवरच राहते.

पॅन उघडणार असाल तर फिल्टरचं जुनं रबर भोकात चिकटून राहिलंय का बोट फिरवून बघा. त्याच्यावर नवं बसवलं की फिल्टर नीट बसत नाही आणि पंप शिट्टीसारखा आवाज करतो. पॅनचे बोल्ट बारीक असतात, साधारण 10 न्यूटन-मीटरच्या वर पिळले की ॲल्युमिनियमचे आटे जातात. पुसायला धागे सुटणारी चिंधी नको.

आत काय झालंय ते चुंबक सांगतं

पॅनमधल्या किंवा ड्रेन प्लगवरच्या चुंबकावर राखाडी, चिखलासारखा लेप असेल तर घाबरू नका, तो नेहमीच्या झिजेचा असतो. बोटांमध्ये चोळल्यावर टोचणारे चमकदार कण, चुंबकाला न चिकटणारे पितळेचे कपचे, किंवा काळे, चामड्यासारखे तुकडे दिसले तर क्लच किंवा बेअरिंग गेलं. तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि वास घ्या. करपलेल्या वासाचं तेल बदलून गिअरबॉक्स फार दिवस चालत नाही.

स्कॅनरवर दिसणारा पी 0700 हा बिघाडाचा कोड फक्त इतकंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने तक्रार नोंदवली आहे. पी 0730 म्हणजे गिअरचं गुणोत्तर चुकतंय, म्हणजे घसरण. पी 0741 म्हणजे कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच नीट पकडत नाही. असा क्लच गाडी रस्त्यावर एकसारख्या वेगात असताना खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथर देतो. योग्य तेल भरल्यावर कोड पुसा, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने शिकलेली मूल्यं स्कॅनरने रीसेट करा आणि कोड परत येतो का बघा.

गॅरेजमध्ये नेताना तीन आकडे लपवू नका: किती लिटर निघालं, काय आणि किती भरलं, त्यानंतर किती किलोमीटर चालली. एवढ्यावरून उघडायचं की नाही हे ठरतं. आणि गिअरबॉक्स बदलायची वेळ आलीच, दुसऱ्या गाडीचा वापरलेला असो की दुरुस्त केलेला, तर तेलाचा कूलर आणि त्याच्या नळ्या धुऊन घेतल्याशिवाय तो बसवू देऊ नका. जुन्याचा चुरा कूलरमध्येच बसून असतो आणि पहिल्याच फेरीत नव्यात उतरतो.